समुद्र पहिल्यांदाच बघायला चाललात? मग अर्धी तयारी गावातच करा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. पुसद तालुक्यातल्या तुमच्या दोन बचत गटांच्या मिळून 38 बाया, सोबत 11 लेकरं आणि तीन पुरुष माणसं, जानेवारीत बस करून दोन दिवसांसाठी गणपतीपुळ्याला चाललेत, समुद्र कोणीच पाहिलेला नाही, त्यात दोघीतिघी सत्तरीच्या वरच्या. आणि तुम्ही विचारलं की सोबत काय काय घ्यावं अन् तिथं काय काळजी घ्यावी. सामानाचं सांगतोच, ते सोपं आहे. पण माझा अनुभव असा की समुद्रावरचे बरेचसे निर्णय समुद्र दिसल्यावर घेता येत नाहीत. पहिल्यांदा ते पाणी दिसलं की माणूस वेडा होतो, लहान-मोठा कोणीच ऐकण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून कोणी कुठपर्यंत जायचं, किती वाजता जायचं, कोणी काठावर उभं राहून फक्त बघायचं, हे सगळं बस निघायच्या आधी गावातल्या बैठकीत ठरवून टाका.

मी उमरखेडकडचा, पैनगंगेच्या काठचा. शाळेत 24 वर्षं खेळाचा मास्तर होतो, जीव वाचवायचं ट्रेनिंग नंतर घेतलं, आणि आतापर्यंत शाळेच्या अन् गावाच्या मिळून 22 सहली कोकणात नेल्या. पहिल्या सहलीला मी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजत होतो, पुराच्या पैनगंगेत पलीकडच्या तीरावर जाऊन आलेला माणूस, समुद्राची कसली भीती. पोरांना काठावर बसवलं आणि एकटाच कंबरभर पाण्यात गेलो. दहा मिनिटांनी मागे वळून पाहिलं तर पोरं बोटाएवढी दिसत होती. मी काठाकडे हात मारून राहिलो आणि काठ जवळच येईना, दम लागला, नाकातोंडात खारं पाणी गेलं. एका मासेमारी करणाऱ्या काकांनी काठावरून हातवारे करून आडवं जायला सांगितलं, ते त्या वेळी मला समजलं म्हणून आज हे लिहितोय. बराच लांब जाऊन बाहेर निघालो. ते काका एवढंच म्हणाले, "नदीची खेच एका बाजूची, समुद्राची तशी नसते." ती गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगतो.

आपल्या लोकांना पाणी माहीत आहे, पण ते विहिरीचं, तळ्याचं, नदीचं. विहिरीचं पाणी जागेवर असतं, नदीचं एका दिशेला जातं, आणि नदीत रेती उपसलेले खड्डे कुठं आहेत ते गावातल्या पोट्ट्यांना पाठ असतं. समुद्राचं पाणी येतं आणि जातं. लाटा रेतीच्या उंचवट्यांवरून काठाला येऊन फुटतात, मग एवढं सगळं आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट जागेतून एकदम जोरात आत जातं. यालाच रिप करंट म्हणतात. गंमत अशी की ती जागा काठावरून सगळ्यात शांत दिसते, कारण तिथं लाटा फुटत नाहीत, फेस कमी असतो, पाणी जरा गडद किंवा गढूळ दिसतं. पोहता न येणारी माणसं नेमकी तीच जागा निवडतात, "इथं लाटा नाहीत, इथंच उतरू" म्हणून. या प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला 8 फुटांपर्यंत गेलेला मोजलाय, तेवढ्या वेगानं ऑलिम्पिकचा पोहणारासुद्धा उलटा पोहू शकत नाही. तो खाली ओढत नाही, आत ओढतो. लोक मरतात ते बहुतेक वेळा काठाकडे सरळ पोहायचा हट्ट करून थकल्यामुळे.

म्हणून सापडलंच कोणी तर काय करायचं हे सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे. पाठीवर तरंगायचं, श्वास धरून ठेवायचा नाही, एक हात वर करून ओरडायचं, आणि पोहता येत असेल तर काठाला समांतर, आडवं जायचं, खेच सुटली की मग तिरकं काठाकडे यायचं. ज्याला पोहता येत नाही त्यानं फक्त तरंगत राहायचं. आणि ज्याला पोहता येत नाही तो मुळात गुडघ्याच्या वर पाण्यात असायलाच नको. हा नियम मी कोणासाठीच मोडत नाही. लेकरांना घोटा, मोठ्यांना गुडघा. तुमच्याकडे तीन जणांना पोहता येतं असं तुम्ही लिहिलंय, पण ते विहिरीत पोहणारे असतील तर त्यांनाही हाच नियम लावा, वाईट वाटलं तरी चालेल. गुडघाभर पाण्यातसुद्धा लाट परत जाते तेव्हा पायाखालची रेती सरकते, माणूस बसकण मारतो, आणि पुढची लाट अंगावर येते, म्हणून गुडघ्यापर्यंत जाणाऱ्यानंही समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही.

आता वेळ. समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी, मध्ये सव्वासहा तासांचं अंतर, आणि रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, कारण हा सगळा खेळ मुख्यतः चंद्राचा. कोकणातली जुनी माणसं तिथीवरून वेळ काढतात : तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. तुमच्या गटातल्या बायांना तिथी सांगायची गरज नाही, चतुर्थीचा उपास अर्ध्या जणी धरत असतील. चतुर्थी म्हणजे 4, त्याची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी संपलेली. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराला. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तिथं गेल्यावर लॉजवाल्याला किंवा जीवरक्षकाला पक्की वेळ विचाराच. पण बस किती वाजता पोचवायची हे ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि जास्त आत जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी त्यामानानं कमी हलतं. तुमची तारीख अजून पक्की नसेल तर माझं मत अष्टमीच्या मागेपुढे जा, संकष्टीला गणपतीपुळ्यात गर्दीही फार असते, एवढ्या गर्दीत 52 माणसं सांभाळणं अवघड.

बाकी भरतीच्या वेळी पाणी काठाकडे येत असतं म्हणून ती सुरक्षित आणि ओहोटी वाईट, असं सरसकट समजू नका. ओहोटी लागली की पाणी आत जायच्या वाटा उघड्या पडतात, खेच बरेचदा तेव्हा जास्त जाणवते, हे खरं. पण भरतीत काय होतं, खडकावर फोटो काढायला गेलेल्यांच्या मागचा रस्ता बंद होतो आणि रेतीवर ठेवलेल्या बॅगा, चपला वाहून जातात. रेतीवर कचरा, शेवाळ, काटक्यांची एक वाकडीतिकडी रेघ दिसते ना, तिथपर्यंत मागची भरती आली होती. सामान त्या रेघेच्या बरंच वर ठेवायचं. आणि खाडी जिथं समुद्राला मिळते त्या तोंडाशी पाय धुवायलासुद्धा उतरायचं नाही, तिथं पाणी दिसतं उथळ आणि ओढतं भयंकर.

जानेवारी निवडला ते चांगलं केलं. पावसाळ्यात समुद्रावर उतरायचं नावच काढू नये, महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि कोळी माणसंसुद्धा नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जातात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ती माणसं थांबतात तर आपण काहून जायचं.

साडीचं बोलू, कारण हे कोणी सांगत नाही. तुमच्या सगळ्या बाया साडीवर येणार. ओली साडी पायात गुंडाळली जाते, त्यात लाटेबरोबर रेती भरते, पाच-सहा किलो वजन होतं आणि पडलेली बाई स्वतःहून उठू शकत नाही. मी एका सहलीत गुडघ्याएवढ्या पाण्यात पडलेल्या मावशींना तीन जणांनी मिळून उठवलेलं पाहिलंय, घाबरून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. ज्यांना पाण्यात पाय भिजवायचे त्यांनी त्या दोन तासांपुरता पंजाबी ड्रेस घालावा, लेकीचा, सुनेचा मागून आणावा, ढगळ गाऊन नको. ज्यांना साडीशिवाय जमणारच नाही त्यांनी ती घोट्याच्या बरीच वर खोचून फक्त ओल्या रेतीपर्यंत. दागिने बसमध्ये नाही, घरीच. मंगळसूत्र खोट्या मण्यांचं घाला. पोट्ट्यांची जीन्ससुद्धा पाण्यात साडीसारखीच जड होते, हाफ पॅन्ट बरी.

आता बैठकीत ठरवायची मुख्य गोष्ट, लक्ष कोण ठेवणार. सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवायचं म्हटलं की कोणीच ठेवत नाही. 52 माणसांच्या आठ-आठच्या टोळ्या करा, प्रत्येक टोळीत जोड्या लावा, आणि जोडीदारानं जोडीदाराला सोडायचं नाही, संडासला गेली तरी सांगून. एका वेळी दोनच टोळ्या पाण्यात, बाकीच्या वर. प्रत्येक वेळी चार माणसं कोरडी, म्हणजे ज्यांनी पाण्यात पाय घालायचा नाही, मोबाईल खिशात, नजर पाण्यावर, अर्ध्या तासानं बदली. गळ्यात शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे सगळे बाहेर आणि जोडीनं उभे, मोजणी. ही शिट्टीची सवय ग्रामपंचायतीच्या पटांगणात संध्याकाळी दोनदा करून बघा, लेकरांना मजाही येते. पहिल्या मोजणीला हमखास कोणीतरी बोलत उभं राहतं, ते गावात होऊ द्या, तिथं नको.

आणि पहिला तास जपा. माझ्या सहलींमधले जे जे घाबरवणारे प्रसंग झाले ते बहुतेक बस पोचल्यापासूनच्या पहिल्या तासातले. रात्रभर बसलेली, झोप नाही, पोटात काही नाही, घाटात अर्ध्यांना उलट्या झालेल्या, आणि समोर एकदम समुद्र. दार उघडलं की लोक पळत सुटतात. म्हणून बस थेट किनाऱ्यावर लावायचीच नाही. आधी मुक्कामाच्या जागी न्या, आंघोळ, चहा, दशम्या-ठेचा जे काय बांधून आणलंय ते खाऊ द्या, मग दर्शन, मग सगळे मिळून चालत किनाऱ्यावर, आणि पहिली 15 मिनिटं काठावर नुसतं उभं राहून पाणी बघायचं. लाटा कुठं फुटतात, कुठं फुटत नाहीत, बाकीचे लोक कुठं उतरलेत, जीवरक्षक कुठं बसलाय. त्याच्याकडे स्वतः जाऊन सांगा की आम्ही 52 जण आहोत, पोहता येत नाही, कुठं उतरू. तो जी जागा दाखवेल तीच. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षकाची नजर असलेली जागा, नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. झेंडे नसतील, जीवरक्षक नसेल, तर घोट्याच्या पुढं कोणीच नाही. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला मोकळा, सरळ, देवळाच्या अगदी पुढ्यात, पण तिथला उतार लवकर खोल होतो आणि बुडाल्याच्या बातम्या येत राहतात, देवाच्या दारात काय होणार असं म्हणणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

2016 च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली 14 मुलंमुली बुडाली होती. शिकलेली, तरुण, धडधाकट पोरं. त्या बातमीनंतर मी शाळेच्या सहलीत पाण्यात उतरायची परवानगीच बंद केली, फक्त ओल्या रेतीवर खेळ. पालक खूश, पोरं नाराज, पण मला झोप लागत होती.

दोर घ्या. गोडेतेलाचा 5 लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा, झाकण घट्ट, आत चार बोटं पाणी, म्हणजे फेकताना वाऱ्यानं उडत नाही आणि तरी तरंगतो. त्याच्या कडीला 20 मीटर नायलॉनचा दोर. असे दोन करा, खर्च काहीच नाही. बुडणाऱ्याच्या पुढं फेकायचा, तो पकडला की काठावरून दोघांनी ओढायचं. हे मैदानात फेकून बघा, पहिल्यांदा कोणाचाच नीट पडत नाही. आणि हा डबा असला की कोरड्या माणसाला करायला काहीतरी असतं, तो पाण्यात उडी घेत नाही. आपल्याकडे शेततळ्यात एक घसरला की त्याच्यामागे भाऊ, मग बाप, असे तीन-तीन जातात ते तुम्हीही ऐकलं असेल. समुद्रातही तसंच होतं. हात पुढं करायचा, काठी द्यायची, ओढणी टाकायची, डबा फेकायचा, ओरडून जीवरक्षक बोलवायचा, पण ट्रेनिंग नसलेल्यानं आत शिरायचं नाही, पोटचं पोर असलं तरी, हे बोलायला मला जड जातं पण बोलावंच लागतं.

बुडणारा माणूस ओरडत नाही. हात हलवून "वाचवा" म्हणणारा अजून बरा असतो. खरा बुडणारा सरळ उभा असल्यासारखा दिसतो, डोकं मागं, तोंड पाण्याच्या रेषेला, हात बाजूला दाबल्यासारखे, शिडी चढल्यागत, आणि आवाज नाही कारण श्वासच पुरत नाही. मिनिटाच्या आत खाली जातो. लेकरू खेळता खेळता एकदम गप्प झालं की पळा.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे उलटं टांगतात, पोटावर दाब देऊन पाणी काढतात, गरगर फिरवतात. हे काहीच करायचं नाही, त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जायची भीती. श्वास नसेल तर पाठीवर सपाट झोपवा, मान मागं करून नाक दाबून तोंडानं आधी 5 श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाब, मोठ्या माणसाला 5-6 सेंटीमीटर आत जाईल एवढा, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं, 30 दाब आणि 2 श्वास, 30 आणि 2, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. नुसतं वाचून हे येत नाही. तुमच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या (पीएचसी) डॉक्टरांना किंवा सिस्टरना सांगून एक तासाचं शिकवणं गावातच ठेवा, सात-आठ जणी शिकल्या तरी पुष्कळ, शेततळ्यालाही उपयोगी पडतं. आणि जो बुडता बुडता वाचला, खोकला लागलाय, थकलाय, पण बोलतोय, त्यालाही दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी श्वास बिघडू शकतो. नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाका : 112, अँब्युलन्सला 108, तटरक्षक दलाचा 1554, सागरी पोलिसांचा 1093.

उन्हाचं. आपली माणसं म्हणतात, "आम्ही 46 डिग्रीत निंदण करतो, आम्हाले कोकणाचं ऊन काय करते." पण आपलं ऊन कोरडं, घाम वाळतो आणि अंग गार होतं. कोकणात हवा दमट, घाम वाळतच नाही, 32 डिग्रीतसुद्धा माणूस गळून जातो. जानेवारीत इकडून शेकोटीवरून उठून स्वेटर घालून निघालेल्या बाया तिथं दुपारी चक्कर येऊन पडतात. शिवाय रेती आणि फेसाळ पाणी ऊन परत अंगावर फेकतं, रेती 15 टक्क्यांच्या आसपास आणि फेस 25 टक्क्यांपर्यंत, म्हणून छत्रीखाली बसूनही तोंड भाजतं. डोक्याला दुपट्टा, पूर्ण बाह्यांचे कपडे, सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारच्या पुढंच किनारा. मधला वेळ सावलीत, झोपू द्या, नाहीतर जवळच प्राचीन कोकणचं म्युझियम आहे, लेकरांना आवडतं. ओआरएसची पुडकी घ्या, नसतील तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, पोहे खायचा नाही, चहाचा छोटा चमचा.

यात एक खास आपल्या भागाची गोष्ट. सिकलसेलचे, म्हणजे त्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे, पेशंट विदर्भात खूप आहेत, तुमच्या 52 मध्ये एखादं असायची शक्यता मोठी. पाणी कमी पडलं, दमणूक झाली, एकदम गार पाण्यात भिजून वारा लागला, की त्यांना हाडं-सांध्यांच्या वेदनांचा झटका येऊ शकतो. आधी घरोघर विचारून घ्या, लाजू नका, त्यांना पाणी सतत पाजा, ओल्या कपड्यात बसू देऊ नका, कार्ड आणि गोळ्या सोबत. मिरगीचा त्रास असलेल्यानं पाण्यात पायच घालायचा नाही, गोळी चालू असली तरी. बीपी-शुगरच्या गोळ्या बसच्या टपावरच्या बॅगेत जातात आणि रात्री कोणाला सापडत नाहीत, त्या कमरेच्या पिशवीत पाहिजेत. पाळीच्या तारखाही बाया-बायांमध्ये बोलून घ्या, पॅड सोबत, किनाऱ्यावर संडास शोधत फिरायला लागतं म्हणून कित्येक जणी पाणीच पीत नाहीत आणि मग दुपारी आडव्या होतात. मुक्काम किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर घ्या, थोडा महाग पडला तरी.

चावणारं-डसणारं काही झालं तर घाबरू नका. जेलीफिश लागला तर जागा आग आग होते, रेतीनं चोळायचं नाही, गोडं पाणी टाकायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, चिकटलेले धागे कार्डानं किंवा चिमट्यानं काढायचे. किनाऱ्यावर निळे फुग्यासारखे दिसतात ते मेलेले असले तरी डसतात, लेकरं हमखास उचलतात. पाकट माशाचा काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाललं की पाकट आधीच सरकून जातो. खडकांवर कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले असतात, ब्लेडसारखी कापतात, अनवाणी चढू नका.

बोट, पॅरासेलिंग, ती केळ्यासारखी लांब बोट, यावर तुमच्या पोट्ट्यांचा हट्ट होणार. केळ्याची बोट मुद्दाम पाण्यात उलटवतात, पोहता न येणाऱ्यानं बसू नये. साधी बोट असेल तर जॅकेट अंगात, बक्कल लागलेलं, आणि खांद्याला धरून वर ओढून बघायचं, कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे, दुसरं मागायचं. आपल्याच वरुड तालुक्यात झुंजला 2021 च्या सप्टेंबरमध्ये वर्धा नदीत नाव उलटून एकाच नात्यागोत्यातली 11 माणसं गेली. जास्त माणसं भरलेली बोट दिसली तर पैसे दिलेले असले तरी उतरा.

दारूचं स्पष्ट बोलते व्हा. तुमचे तीन पुरुष आणि ड्रायव्हर-क्लीनर. बस ठरवतानाच सांगा की दोन दिवस कोणी प्यायचं नाही, पिलेला दिसला तर त्याला मुक्कामीच ठेवायचं. ड्रायव्हरला झोपायला वेगळी खोली द्या, त्याला बसमध्ये झोपवून दुसऱ्या दिवशी परतीचा घाट चढवणं हाही समुद्राइतकाच धोका आहे. आणि बस किंवा कुठलीही गाडी रेतीवर न्यायची नाही, रुतली की भरती वाट पाहत नाही.

आता तिथल्या लोकांचं. किनारा रिकामा दिसतो पण तो कोणाचंतरी खळं आहे. आपण तूर-सोयाबीन खळ्यावर वाळत घालतो, त्यावरून कोणी चपला घालून गेलं तर कसं वाटतं? तशी तिथं मासळी वाळत घातलेली असते, जाळी पसरलेली असते. त्यावरून चालायचं नाही, वास येतो म्हणून नाकाला पदर लावून हसायचं नाही. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर बाजूला उभं राहून बघा, विचारलं तर प्रेमानं सांगतात. रेतीवर पसरलेला जांभळ्या फुलांचा वेल दिसेल, मर्यादवेल, तो रेती धरून ठेवतो, उपटू नका. जानेवारीत कासवांचा हंगाम असतो, रत्नागिरी जिल्ह्याच्या बऱ्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले मादी रात्री येऊन शंभरेक अंडी रेतीत पुरून जाते. ओडिशात 2021 मध्ये खूण लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत थेट गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेली सापडली, एवढ्या लांबून. म्हणून रात्री किनाऱ्यावर टॉर्च, शेकोटी, डीजे नको, काठ्या-जाळी लावून राखलेली जागा दिसली तर लांबून बघा. शंख-शिंपले चार-दोन रिकामे घ्या, आत जीव असलेला परत ठेवा. पत्रावळ्या, खर्ऱ्याच्या पन्न्या, बाटल्या, सगळं बसमधल्या पोत्यात, आणि पोतं गणपतीपुळ्यात नाही, जिथं कचऱ्याची सोय असेल त्या शहरात रिकामं करा. खर्रा खाऊन रेतीवर थुंकणाऱ्याला टोळीच्या ताईनं टोकायचं. आणि आंघोळीला पाणी बादलीनं, तिथं पाऊस धो धो पडतो तरी उन्हाळ्यात टँकर लागतो अशी गावं आहेत, टँकर आपल्याला शिकवायला नको.

राहिल्या तुमच्या सत्तरीच्या आजी. त्यांना "तुम्ही वरच बसा" म्हणून देवळात बसवून जाऊ नका, त्या एवढ्या लांबून त्याचसाठी येणार. मी असं करतो : सकाळच्या ओहोटीच्या वेळी, लॉजवाल्याकडून मागून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, लाटेचा शेवटचा पातळ पापुद्रा जिथपर्यंत येतो तिथं मांडायच्या, खुर्चीचे पाय रेतीत थोडे दाबायचे, प्रत्येक आजीच्या दोन्ही बाजूंना एकेक जण उभी, आणि एक कोरडा माणूस पुढं लाटेकडे तोंड करून. चपला काढायच्या, साडी वर खोचायची. पाणी येतं, पायांवरून जातं, पायाखालची रेती गुदगुल्या करत सरकते. एक आजी तिथं पाऊण तास बसल्या होत्या, उठायला तयार नव्हत्या, नातीला म्हणत होत्या, "थांब व माय, अजून एक येऊ दे." खुर्च्या मात्र दर पाच-सात लाटांनी एकदा मागं सरकवत राहा, रेती खालून जाते आणि खुर्ची कलते.